देवाने कौल दिला नाही तेव्हा

बेळगावची एसटी तिठ्यावर उभी होती आणि वडील अजून देवळातून आले नव्हते. लग्नाला सहा महिने झालेले, यांना बंगळूरला यशवंतपूरजवळच्या कारखान्यात लेथवर नोकरी लागलेली, ट्रंक टपावर चढलेली. पण आमच्या वेंगुर्ल्याकडच्या गावात कौल घेतल्याशिवाय कुणी विहीरसुद्धा खणत नाही. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. त्या सकाळी एकही पडली नाही. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा वडील धापा टाकत आले. "देव गप रवलो म्हणान उठान गेलो नाय, बाय," एवढंच म्हणाले.

दादा, हे तुझ्यासाठी लिहिते आहे, आणि माझ्यामागून इकडे आलेल्या आपल्या गावच्या पोरींसाठीही.

मल्लेश्वरमला दोन खोल्या मिळाल्या. घरमालकीण लक्ष्मीअक्का मराठीच, पण कैक पिढ्या इथल्या. त्यांची मराठी ऐकून पहिले आठ दिवस मी हसू दाबत होते, आणि माझी ऐकून त्या. मासळी नाही, उकडा तांदूळ नाही. कुरकुरायला मला विषय पुष्कळ होते. वर्षभरात खरा विषय मिळाला. यांच्या खोकल्यातून रक्त पडलं. क्षय. शहराबाहेरच्या दवाखान्यात दाखल केलं, तर डॉक्टर म्हणाले, दीड वर्ष तरी लागेल. तुझं पत्र आलं, दोघं घरी या, इथली हवा चांगली. मी उलट टपाली लिहिलं, कौल लावून कळव. तू कळवलंस, तीनदा लावला, पाकळी हलली नाही.

मी घाबरले होते. कुंकू पुसून एकटीच त्या एसटीतून उतरते आहे, हेच डोळ्यांपुढे यायचं. देवाचा रागही आला. आम्ही कधी तुझा नारळ चुकवला, आणि तू नेमका आताच तोंड मिटून बसलास?

मग एका सकाळी मी वेडेपणा केला. गुरव नाही, पाषाण नाही. देव्हाऱ्यातल्या पितळी गणपतीवर मीच शेवंतीच्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, यांना गावी नेऊ की इथेच ठेवू? पितळेवर पाकळ्या ठरतात होय! सगळ्या एकदम घसरल्या, दोन्ही बाजूंनी. पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. दहा वाजून गेले तरी शेगडी पेटली नव्हती.

लक्ष्मीअक्का दारात आल्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"सरी," म्हणजे बरं, त्या म्हणाल्या. "देव स्वल्प वेळ घेतो, घेऊ दे. एकच्या आत तुझ्या यजमानांना डबा पोचायला पाहिजे ना? ऊठ, मी तांदूळ धुते."

मी उठले. डबा नेला. दुसऱ्या दिवशीही नेला. नेता नेताच ठरून गेलं की आम्ही इथेच राहणार.

दीड वर्षाची दोन वर्षं झाली. सकाळी दिवा लावायचा, देवाला म्हणायचं, तू बोलू नकोस, पण बघत राहा, आणि बस पकडायची. दवाखान्यात यांच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसले की बोलण्यासारखं काही नसायचं. यांना बोललं की खोकला यायचा, मला बोललं की रडू. तास तास गप्प बसायचो. पण मी तिथे आहे हे यांना डोळे मिटूनही ठाऊक असायचं. देव गप्प राहिला म्हणून काही उठून गेला नाही, हे वडिलांचं वाक्य मला त्या स्टुलावर बसून कळलं. तेव्हापासून देवावरचा माझा राग गेला, आणि भीतीही बरीचशी.

हे बरे झाले. आता कारखान्यात हलक्या कामावर आहेत. मी आळीतल्या बायकांना शिवण शिकवते, चुकतमाकत कन्नडात. त्या हसतात आणि शिकतात.

दर पत्रात तू विचारतोस, घरी कधी येणार. दादा, माझं घर आता हे आहे. लिहिताना वाईट वाटतं, पण खरं आहे. यंदा जत्रेला येऊ, परतीचं तिकीट काढूनच येऊ. गुरवाला सांग, माझ्यासाठी पाकळ्या भिजवू नकोस. देवाला मला काही विचारायचं नाही. घटकाभर नुसतं जवळ बसायचं आहे.