पपईच्या झाडाला पाजलेलं क्विनीन

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल फार आदर वाटायला नको. एकोणीस वर्षांची असताना मी मिशनच्या दवाखान्यात नऊ दिवस माझं क्विनीनचं औषध एका पपईच्या झाडाला पाजलं. दिवसातून तीन वेळा, न चुकता. त्या पपईला हिवताप आला नाही. मला येत राहिला.

दहाव्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई हातात काचेची नळी घेऊन माझ्या खाटेपाशी आल्या. बाई समुद्रापलीकडच्या, मराठी पुस्तकातून शिकलेल्या. त्यामुळे आवारातल्या कुत्र्यालासुद्धा “आपण बाहेर जावे” म्हणायच्या. त्यांनी नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाल्या, “आपल्या रक्तात मलेरिया आहे. आपल्या पोटात क्विनीन नाही. मग ह्या बाटलीतले औषध कोण पिते?”

मी पांघरुणात तोंड घातलं.

मलेरिया म्हणजे आपला हिवताप. डास चावला की त्याचे जंतू रक्तात शिरतात. बाईंनी माझ्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला होता आणि सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून ते जंतू पाहिले होते. माझी स्प्लीन सुजली होती. स्प्लीन म्हणजे प्लीहा, डाव्या बरगडीखाली असते ती. एरवी ती हाताला लागत नाही. माझी मात्र भरताच्या वांग्याएवढी लागायची. बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवलेली, एक खूण म्हणजे एक डोस. खुणा बरोबर उतरत होत्या आणि ताप उतरत नव्हता. बाईंना शंका आली, की मलेरियाच्या जोडीला टायफॉइड, म्हणजे विषमज्वर, तर नसेल? पण एक साधी तपासणी आधी करून पाहू, असं त्यांनी ठरवलं. नळीत लघवी घेऊन तिच्यात एका द्रावणाचे थेंब टाकायचे. क्विनीन पोटात गेलं असेल, तर नळी दुधासारखी गढूळ होते. माझी नळी तापीच्या माघातल्या पाण्यासारखी नितळ राहिली होती.

आता मी असं का केलं, ते ऐका.

मी नगरकडची, बोर्डिंगात शिकलेली. लग्न होऊन प्रकाशा गावाच्या वरच्या अंगाला, तापीकाठच्या एका खेड्यात आले. माझे यजमान तिथे मिशनच्या शाळेत मास्तर. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना अक्षर येत नव्हतं, आणि मला बायबलातली शुभवर्तमानं जवळजवळ पाठ. तेव्हा आमच्या दोघींमध्ये देवाला कोण अधिक जवळचं, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

त्या पावसाळ्यात पाळकसाहेबांनी उपदेश केला: लेकरू जसं बापाची नक्कल करतं, तसं आपण देवाचं अनुकरण करावं. झालं. मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. सकाळी उठून आत्याबाईंना म्हणाले, “मी तुम्हाला क्षमा केली आहे.”

त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, “मी काय कयं वं?”

मी उत्तर दिलं नाही, कारण प्रभूही अनेकदा गप्प राहिले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा क्षमा केली. तिसऱ्या दिवशी, प्रभूंनी शिष्यांचे पाय धुतले होते म्हणून, घंगाळात पाणी घेऊन त्यांचे पाय धुवायला बसले. भक्तिभावाने त्यांच्या टाचा वजरीने इतक्या घासल्या, की भेगांतून रक्त आलं. त्या ओरडल्या, “पाय सोड मन्हा, आन् चूल पेटाड! कवाधरनं तव्याकडे देखी ऱ्हायनू मी!”

पावसाळा सरता सरता मला ताप सुरू झाला. दिवसाआड, बरोबर दुपारी. आधी थंडी. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे, मग आत्याबाई गोधड्यांवर आडव्या पडून मला दाबून धरायच्या. मग आग. मग घाम. मग मी पुन्हा शहाणपणा शिकवायला मोकळी. यजमानांनी पोस्टातून क्विनीनच्या पुड्या आणल्या. मी दोन घेतल्या, बाकीच्या उशीखाली ठेवल्या. पंधरा दिवसांत मला उठून बसवेना. पदराखाली आठ महिन्यांची सलोमी, माझी पहिली लेक. तिच्यासाठी दूध येईनासं झालं. तेव्हा यजमानांनी गाडी जुंपली. प्रकाशाला नावेतून तापी ओलांडली, पलीकडे दुसरी गाडी केली, आणि नंदुरबारच्या बाजूला मिशनच्या दवाखान्यात मला, सलोमीला आणि आत्याबाईंना सोडून ते शाळेवर परतले.

दवाखान्यात माझी खाट खिडकीशी. खिडकीखाली पपई. आणि माझ्या डोक्यात एक ओळ येऊन बसली: वधस्तंभावर खिळायच्या वेळी प्रभूंना कडू मिसळलेला द्राक्षारस देऊ केला, तो त्यांनी चाखला आणि घेतला नाही. वाहवा! मला वाटलं, हे माझ्यासाठीच लिहिलं आहे. मी रोज तीन वेळा औषध चाखत असे आणि उरलेलं खिडकीबाहेर ओतत असे. डोळे वर करून.

हे सगळं मी डॉक्टरबाईंना रडत रडत सांगितलं. त्या स्टूल ओढून बसल्या. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

“त्यांना खिळे ठोकले होते,” त्या म्हणाल्या. “आपल्याला डास चावला आहे.”

मी पदराने नाक पुसलं.

“आणि शेवटी त्यांनी आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, घेतली, असे दुसऱ्या एका शुभवर्तमानात आहे. ते आपण वाचले नाही काय? त्याआधी तीस वर्षे ते लाकूड तासत होते, आईने वाढलेले जेवत होते. त्याचे अनुकरण करण्यास आपण केव्हा आरंभ करणार?”

मग त्यांनी हळूच विचारलं, “खरे सांगा. औषध फार कडू लागते काय?”

बायांनो, माझ्या सगळ्या भक्तीचा निकाल त्या एका प्रश्नाने लागला. “हो,” मी म्हणाले. “फारच.”

बाईंनी चमच्यात औषध ओतलं आणि आधी स्वतः घेतलं. त्यांचा गोरा चेहरा सुरकुतला, डोळ्यांत पाणी आलं. “अरेरे,” त्या म्हणाल्या. “आपले म्हणणे योग्य आहे.” मग माझा डोस ओतला, माझ्या दुसऱ्या हातात गुळाचा खडा ठेवला आणि मी गिळेपर्यंत स्टूलवरून उठल्या नाहीत. त्यानंतर रोज तसंच. क्विनीनने कानांत रातकिडे ओरडल्यासारखं होतं, त्याला घाबरू नका, ते थांबतं. आणि चार दिवसांत ताप गेला म्हणून औषध सोडू नका. जंतू लपून बसतात. बाईंनी मला ताप गेल्यावरही ते किती तरी दिवस घ्यायला लावलं.

ताप तर गेला. पण दूध परत येईना.

सलोमी चमच्याने गाईचं दूध घेई आणि ओकून टाकी. पोट बिघडलं. गाल बसले. मांडीवर घेतली तर पूर्वीचं वजन लागत नसे. डॉक्टरबाई तिला रोज काट्यावर ठेवायच्या आणि आकडा मला न सांगता वहीत लिहायच्या. त्यावरूनच मी समजायचं ते समजले. माझ्या पराक्रमाचे नऊ दिवस तिच्या अंगावरून उतरत होते. त्या दिवसांत मी प्रार्थनेला शब्द शोधले नाहीत. तोंडात एकच यायचं, हिला नको, हिला नको.

व्हरांड्यात रुमली नावाची पावरा जमातीची एक बाई राहत होती, डोंगरातल्या तोरणमाळकडची. तिच्या नवऱ्याच्या पायावर कुऱ्हाड बसली होती, तो पुरुषांच्या बाजूला होता. तिच्याजवळ तिचा दीड वर्षाचा गुटगुटीत मुलगा. आमच्या आत्याबाई आणि ती आवारातल्या चुलींवर शेजारी शेजारी भाकरी करायच्या. तिला बाजारापुरती अहिराणी येत होती, त्यांना पावरी अजिबात नाही, तरी दोघींचं तासन्‌तास बोलणं चालायचं.

एका दुपारी मी डोळे उघडले, तर सलोमीचा आवाज नाही. उठून दारापर्यंत गेले. व्हरांड्यात रुमली भिंतीला टेकून बसली होती आणि सलोमी तिच्या पदराखाली. घट घट आवाज येत होता. तिचा मुलगा शेजारी उभा राहून, आपलं दूध कोण पितंय, ते वाकून पाहत होता.

आणि आता माझा दुसरा मूर्खपणा. मी आत्याबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, “अहो, ती बाई बाप्तिस्मा घेतलेली नाही.”

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “मंग तू पाज,” म्हणाल्या, आणि माझ्या ओकाऱ्यांचे कपडे घेऊन धुवायला गेल्या.

तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की हे कपडे रोज कोणीतरी धूत होतं. महिनाभर. पाय धुण्याची मोठी हौस मला होती. माझं सगळं धुणं त्या करत होत्या, आणि मला क्षमा केली आहे असं एकदाही म्हणाल्या नव्हत्या.

संध्याकाळी सलोमी पुन्हा रडली. रुमली आली, पण तिने मुलीला उचललं नाही. माझ्याकडे बोट केलं. “पहिले तू ले पदरखाले. मंग मी शे.”

“मला दूध नाही गं.”

“ले तरी.”

मी घेतलं. सलोमी ओढू लागली, काही मिळेना तशी रागाने किंचाळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग रुमलीने तिला घेतलं आणि पोटभर पाजलं. दर वेळेस हेच. आधी मी, रिकामी. मग ती, भरलेली. पोरीच्या ओढण्यानेच दूध परत फिरतं, हे तिला डोंगरात कोणी तरी शिकवलं असणार. डॉक्टरबाईंनीही मान डोलावली. “करीत राहा,” म्हणाल्या. आत्याबाई मला बाजरीची पातळ राब आणि अळीव करून घालायच्या आणि रुमलीलाही तेवढंच, तिच्या मुलाला वरून भाकरीचा पापुद्रा.

पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी चोळी जराशी ओलसर वाटली. मी कोणाला सांगितलं नाही, मला वाटलं घाम असेल. आठव्या दिवशी सलोमी रागावली नाही. ओढत राहिली. मग मीही तो घट घट आवाज ऐकला, माझ्याच पदराखालून.

“दूध उनं का?” रुमलीने दारातून विचारलं.

मी सलोमीकडेच पाहत होते. आत्याबाईंनीच तिला सांगितलं, आणि सांगता सांगता पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या दिवशी काट्याचा आकडा डॉक्टरबाईंनी मोठ्याने वाचला.

त्याच आठवड्यात रुमलीच्या नवऱ्याच्या पायाची पट्टी सुटली. कळसाडीकडे जाणारी एक गाडी त्यांना पायथ्याच्या वाटेला लावून देणार होती, पुढे डोंगर चढून जायचं. मी माझं माहेरचं नवं लुगडं तिच्या हातात दिलं. तेवढ्यावर थांबले असते, तर ती मी कसली? मी उभी राहून भाषण केलं. म्हटलं, रुमली, आमच्या प्रभूने आपलं शरीर दुसऱ्यांसाठी दिलं. मी त्याच्यासारखं वागायला गेले आणि लेकीला मारायला निघाले. तू त्याचं नावही ऐकलं नव्हतंस, आणि तू देवासारखी वागलीस.

रुमलीने सगळं ऐकून घेतलं. लुगडं कमरेला खोचलं, मुलाला कडेवर घेतलं आणि म्हणाली, “देव-बिव माले ठाऊक नही बाई. तुन्ही पोरले दोन दात येल शेतस, लई चावस. आते तू चावा खाय, मी जास.”