वड्या जमू दे, मग जा

माझ्यापुढे अळूवडीचं कौतुक कुणी करू नये. लेकी करतात, सुना करतात, पाहुणे बोटं चाटत म्हणतात की तुमच्या हातची चव कुणाला यायची नाही. ऐकलं की माझं डोकं फिरतं. या चवीपायी माझं काय गेलं ते माझं मला ठाऊक.

लग्न होऊन मी मोशीला आले, त्याच सुमारास आमच्या ह्यांना पिंपरीच्या नव्या कंपनीत काम लागलं. तिथंच त्यांनी एक खोली घेतली. मला त्या खोलीत जायचं होतं. शहराचं वेड वगैरे काही नव्हतं. मला माझी स्वतःची चूल हवी होती, जिच्यापुढे बसल्यावर मागे उभं राहून कुणी नाक मुरडणार नाही. सासूबाईंनी अट घातली. "आदी हात बसू दे. न्हाईतर पोराला तिकडं उपाशी मारंल ही. गौरीच्या वड्या जमू दे, मग जा."

गौरीच्या वड्या म्हणजे थोरल्या जावेचं राज्य. डाळ वाटायची मी, पानांच्या शिरा काढायच्या मी, आणि थर लावायची वेळ आली की बाई माझ्याकडे पाठ करून बसायची. पण मला डोळे होते. सगळ्यात मोठं पान खाली, तेही पालथं. त्यावर वाटलेलं पीठ, पातळ आणि पार कडेपर्यंत. दुसऱ्या पानाचं टोक पहिल्याच्या उलट दिशेला, पुन्हा पीठ, पुन्हा पान. मग दोन्ही कडा आत घ्यायच्या, त्यांनाही पीठ लावायचं आणि गुंडाळी गच्च करायची. उकडल्यावर गार होईपर्यंत सुरी लावायची नाही, नाहीतर पदर सुटतात. यात लपवण्यासारखं आहे काय? पण काही माणसांचं मनच कोतं असतं.

त्या वर्षी सासूबाईंनी वड्या माझ्यावर सोपवल्या. त्या जमून मी गेले असते तर धुणं, भांडी, शेण, दळण सगळं थोरलीच्या गळ्यात पडलं असतं. म्हणून गौरी जेवायच्या दिवशी ती स्वतः उठली. "पानं मी आणते," म्हणाली. एरवी इकडची काडी तिकडे न करणारी बाई!

पानं आली ती देठ खुडून. आमच्या विहिरीपाशी काळ्या देठाचं अळू होतं, ते वडीचं. न्हाणीच्या मागे हिरव्या देठाचं होतं, ते भाजीचं आणि भलतंच खाजरं. शिरा काढताना माझी बोटं चुरचुरायला लागली आणि तिने कुठली पानं आणली ते मला कळलं. नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेवर काही ठेवायचं नाही, म्हणजे चाखून बघायचीही सोय नाही. अख्ख्या पंगतीचे घसे धरले असते आणि खापर माझ्या डोक्यावर फुटलं असतं. वाटलं, पानं तिच्या तोंडावर फेकावीत. फेकली नाहीत. घरात होती नव्हती तेवढी चिंच भिजवली, घट्ट कोळ काढून पानापानाला चोळला, उरलेला पिठात ओतला आणि त्या बेताने गूळ घातला. ती पातळ पानं फाटत होती. फाटेल तिथं छोट्या पानाचं ठिगळ लावत गेले.

नैवेद्य झाला. पुरुषांची पंगत बसली. सासूबाईंनी आम्हा बायकांच्या हातावर प्रसाद म्हणून एकेक वडी ठेवली. थोरलीने हात मागे घेतला.

"मला नगं. पित्त झालंया."

"घ्या की जाऊबाई," मी म्हटलं. "पानं तुमीच तर आणलीत. हिरव्या देठाची."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आपल्या हातातली वडी त्यांनी सावकाश चावली आणि घसा खाकरून पाहिला. काही झालं नाही. त्यांनी दुसरी खाल्ली. त्यांना सगळं कळलं होतं, हे मी देवाशपथ सांगते. पण थोरलीला त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. पंगतीकडे वळून ह्यांना म्हणाल्या, "आरं, खाजऱ्या अळूच्या असल्या वड्या करती ही. असली सून मी पिंपरीला धाडू व्हय? ही हितंच ऱ्हाईल. तू येत जा सुट्टीला."

थोरलीचं पित्त तेवढ्यात उतरलं. तिने ताटलीतली वडी उचलली आणि मिटक्या मारत खाल्ली.

जमल्या नसत्या तर मला शिकायला ठेवलं असतं. जमल्या म्हणून करायला ठेवलं. मी ह्यांच्याकडे बघत उभी राहिले. खोली घेतलीय, एवढं जरी ते म्हणाले असते तरी मी जन्मभर त्यांचे पाय धुतले असते.

त्यांनी मान वर केली नाही.

"झ्याक झाल्यात," म्हणाले. "आणखी दोन वाढ."

मी वाढल्या.