सरस आणि भुशाचा पत्रा

तिसरी घंटा झाली असं समजा. पडदा वर जातो. मुलुंड पूर्वेची एक जुनी सोसायटी, पाण्याच्या टाकीमागची जागा, सकाळी अकराचं ऊन. मधोमध एक पिवळी व्हॅन. तिचं पुढचं झाकण उघडं, आणि आत इंजिनच नाही, नुसता खड्डा. त्या खड्ड्यात कमरेपर्यंत वाकलेले, चंदेरी रंगाचा ब्रश दातात धरलेले भिकाजी मेस्त्री, वय बहात्तर. बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत त्यांची बायको वनमाला. पायाशी भरलेली पिशवी.

भिकाजींनी तीस वर्षं एका नाटक कंपनीचं नेपथ्य केलं. राजवाडा म्हणा, तुरुंग म्हणा, तोफ म्हणा. चिकटवायचा सरस, लाकडाचा भुसा आणि जुनी धोतरं यांतून सगळं उभं राहायचं. पहिल्या रांगेतल्या माणसालाही तोफ लोखंडाचीच वाटायची. कंपनी मोडली तेव्हा मालकांनी दौऱ्याची ही गाडी त्यांना देऊन टाकली. भिकाजींनी तिच्यात दोन बिछाने आणि एक शेगडी बसवली. हौसेसाठी नव्हे. वनमालाबाईंचे गुडघे गेले होते. बसमध्ये दहा तास पाय दुमडून बसणं त्यांना जमत नव्हतं. माहेरच्या जत्रेत देवीची ओटी भरायची तर आडवं पडूनच जायला हवं. चार वर्षं जत्रा हुकली होती. यंदा ती सोमवारी होती, आणि आज शुक्रवार.

इंजिन दुरुस्तीला नेताना मेकॅनिक चंद्रप्रकाश बजावून गेला होता, "काका, आतला गंज पार पत्रा लागेपर्यंत घासा. मगच रंग."

भिकाजी घासायला बसले आणि घासता घासता पत्राच संपत आला. पापुद्र्यामागून पापुद्रे निघाले, बोट जाईल एवढी भोकं पडली. इंजिन जिच्यावर बसायचं त्या पट्टीची तर चाळण झालेली. चार दिवस त्यांनी गंजाला, खाऱ्या हवेला आणि स्वतःच्या कमरेला शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी हात आपसूक सरसाच्या डब्याकडे गेला. भुसा कालवला, चिंध्या चिकटवल्या, वर चंदेरी रंगाचे दोन हात. आता तिसरा चालला होता.

तेवढ्यात चंद्रप्रकाश टेम्पोतून इंजिन घेऊन आला. आत डोकावून ओरडला, "झकास! काका, शोरूम केलंत की!"

भिकाजींनी मान किंचित झुकवली. टाळ्या घ्यायची जुनी सवय. मग चंद्रप्रकाशने आपल्या सवयीने पट्टीवर स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"हे काय?"

"सरस," भिकाजी पुटपुटले.

"काका, घाटात इंजिन रस्त्यावर पडलं असतं ना! तुम्ही दोघं आत. डोकं फिरलंय का?"

"मग काय करू? घासलं की भोक, घासलं की भोक! महिनाभर मरतोय मी इथे!" भिकाजींनी ब्रश भिरकावला. तो टाकीवर आपटून खाली पडला.

"तीस वर्षं लोकांना फसवलंत, टाळ्या मिळाल्या," वनमालाबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. "आता घाटाला फसवायला निघालात होय?"

"तू गप गं! तुझ्यासाठीच चाललंय ना हे!"

"म्हणूनच बोलतेय."

चंद्रप्रकाशचा आवाज खाली आला. नवा पत्रा जोडावा लागेल, वेल्डर मंगळवारी येईल, त्याआधी नाही. मंगळवार म्हणजे जत्रा उलटून गेल्यावर. वनमालाबाईंनी पिशवीतून ओटीचा खण आणि नारळ काढून मांडीवर ठेवले.

"शकु उद्या जातेय गावाला," त्या म्हणाल्या. शकु त्यांची मावसबहीण. "तिच्याकडे देते. यंदाही तीच भरेल."

भिकाजींनी गंज घासायची पत्री उचलली आणि पुन्हा खड्ड्यात वाकले. आपण केलेलं काम आपल्याच हाताने खरवडायला घेतलं. इतकं सुंदर चिकटलं होतं की निघता निघेना. चार पापुद्रे पाडून, घामेजलेलं तोंड वर न काढता ते आतूनच खेकसले, "नारळ नको देऊ तिला! पत्रा लागला की आपण दोघं जाऊ. जत्रा हुकली तर हुकली, देवी काय देऊळ सोडून जातेय कुठे?"