नॉकबानची वाट बंद

हरीश डुंबरे हा माणूस कुणाला फारसा आवडत नसे, आणि त्याबद्दल त्याची स्वतःची काही तक्रार नव्हती. आयर्लंडमधल्या शॅननच्या औद्योगिक वसाहतीत विमानांचे सुटे भाग तपासण्याचं त्याचं काम. दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या, त्या चुकांखाली सही करायची आणि घरी जायचं. हा स्वभाव घरीही उतरत नसे. बायको नंदिनी लिमरिकच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर. ती म्हणायची, "अरे, पोह्यांतसुद्धा दोष काढतोस. एकदा तुझ्याकडून नापास न होता जेवायचंय मला."

त्याला शांत करणारी जागा एकच होती. शॅननहून उत्तरेला तासभर गाडी हाकली की बरेन नावाचा मुलूख लागतो. तिथे पाऊस जवळजवळ रोज, आणि पाणी कुठेच नाही. डोंगरांच्या अंगावर माती नाही. नुसता राखाडी चुनखडक, फरसबंदी अंगणासारखा मैलोगणती पसरलेला, आणि त्यात हातभर रुंद, पुरुषभर खोल भेगा. आभाळातून आलेलं पाणी त्या भेगा गिळून टाकतात. डोंगरावर चढणाऱ्याने पाणी खालूनच न्यायचं. हिरव्यागार आयर्लंडच्या कडेला पडलेलं हे दगडांचं वाळवंट जुन्नरच्या हरीशला पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटलं. लहानपणी जुन्नरच्या किल्ल्यांवर तो असाच उन्हाने पांढऱ्या पडलेल्या कातळावर वाटा शोधत हिंडला होता.

पुढे तो त्या वाटांचं पुस्तक लिहू लागला. प्रत्येक वाट तो दोनदा चालायचा, एकदा जाताना आणि एकदा उलटी, कारण जाताना दिसलेली खूण येताना दिसत नाही. कुठे वळायचं, कुठली भेग ओलांडायची आणि कुठलीला वळसा घालायचा, धुकं आलं तर कुठल्या भिंतीला धरून उतरायचं, सगळं मोजक्या शब्दांत. गॉलवेच्या एका छोट्या प्रकाशकाने छापायची तयारी दाखवली. त्याला भुरळ पडली होती ती मुख्यतः एका वाटेची, नॉकबानच्या डोंगराची. "ही वाट आजवर कुणीच लिहिलेली नाही," तो म्हणाला. "पुस्तक खपेल ते हिच्यावर."

कुणी लिहिली नव्हती याला कारण होतं. आयर्लंडमध्ये डोंगर शेतकऱ्याचा असतो. आपल्याकडे गडावर जायला कुणाला विचारावं लागत नाही. इथे मालकाच्या मर्जीवर पाऊल टाकायचं. मर्जी म्हणजे कागद नव्हे, सहीशिक्का नव्हे. फाटकाशी उभं राहून झालेलं बोलणं, आणि तेही त्या एका माणसापुरतं. नॉकबानचा मालक मायकल हेहिर हा साठी ओलांडलेला, लाल मानेचा, कुणाशीही सरळ न बोलणारा गडी. हरीशला त्याने तीन हिवाळे फाटकावरूनच हाकललं. चौथ्या वर्षी हरीश पडलेल्या भिंतीचे दगड रचू लागलेला त्याला दिसला. हेहिरने ते पुन्हा पाडले, "असे नाही, असे," म्हणत स्वतः रचले, आणि मग काटेरी झुडपामागचं एक खिंडार दाखवलं. भिंतीतले चार मोकळे दगड काढायचे, आत जायचं, पुन्हा लावायचे. "तू ये," तो म्हणाला. "पुस्तकाचं नंतर बघू." या 'बघू'वर हरीश दोन वर्षं टांगलेला होता, आणि आता कुठे हेहिर मान हलवू लागला होता.

ऑक्टोबरअखेर हरीशकडून एक आगळीक झाली. डब्लिनच्या सँडीफोर्ड भागातला आशिष पेंढारकर एका मराठी ट्रेकिंग ग्रुपचा कर्ताधर्ता होता. मोठ्या कंपनीत मॅनेजर, तोंडात साखर आणि हातात कायम फोन. त्याने व्हॉट्सॲपवर टोमणा मारला, "हरीशदादा, तुमचं पुस्तक आमच्या नातवंडांना तरी वाचायला मिळेल ना?" हरीशला तो झोंबला. त्याने नॉकबानचं पान, नकाशा आणि खिंडारासकट, ग्रुपवर टाकून दिलं. वर लिहिलं, "वाचा आणि गप्प बसा."

ते पान निर्दोष होतं. पण सगळ्या वाटांना लागू असलेल्या सूचना हरीशने शिस्तीत प्रस्तावनेत घेतल्या होत्या. तीच गोष्ट पानोपानी सांगणं त्याला गबाळेपणाचं वाटे. त्या प्रस्तावनेत पहिलीच सूचना अशी होती: बाकी आयर्लंडमध्ये गुरं हिवाळ्यात खाली गोठ्यात असतात, बरेनमध्ये उलट. इथला कातळ उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो, भेगांभोवतीचं गवत हिवाळ्यातही टिकतं, म्हणून गुरं हिवाळ्यातच डोंगरावर चढवतात. त्यांतल्या बहुतेक गायी गाभण असतात. आवाज करू नका, कुत्री नेऊ नका. प्रस्तावना ग्रुपवर गेली नाही. पान तेवढं गेलं.

नोव्हेंबरच्या एका रविवारी आशिष बस भरून माणसं घेऊन नॉकबानवर गेला. हरीशला कळवलंदेखील नाही. खिंडार पानावर सांगितल्याप्रमाणे सापडलं. माथ्यावर पोचल्यावर आपल्याकडे जे होतं ते झालं. शिवरायांची गारद झाली, जयघोष झाला, आणि गणपतीच्या मिरवणुकीसाठी मागवलेले दोन ढोल, जे फोटोसाठी मुद्दाम वर चढवले होते, ते दणक्यात वाजले. पलीकडच्या उतारावर हेहिरच्या गायी चरत होत्या. त्या उधळल्या. सपाट गवतावर उधळल्या असत्या तर दमून थांबल्या असत्या. इथे पायाखाली भेगा होत्या.

त्याच संध्याकाळी हेहिरचा फोन आला तेव्हा हरीश नंदिनीसोबत चहा घेत होता. पलीकडून नमस्कार नाही, चमत्कार नाही. "वर ये. आत्ता."

फाटकाशी हेहिर उभा होता. त्याच्या मागे ताडपत्रीखाली काहीतरी मोठं झाकलेलं होतं. हरीशने तिकडे पाहिलं आणि मान वळवली.

"बघ ना," हेहिर म्हणाला. "लाजतोस कशाला? पुढचा पाय भेगेत गेला. खांद्यापासून मोडला. गुरांच्या डॉक्टरने गोळी घातली. पोटात वासरू होतं."

"मायकल, मी..."

"तुझी माणसं होती?"

"माझी नव्हेत. मी त्यांच्यात नव्हतो."

"तुझीच भाषा होती. तू फोनवर बायकोशी बोलतोस ती. मी खालून ओरडत होतो तर त्यांना वाटलं मी हात हलवतोय. त्यांनीही हात हलवले!" तो थुंकला. "आणि ते खिंडारातून आले, हॅरी. ते खिंडार माझ्या सख्ख्या भावाला माहीत नाही."

हरीशने खिंडाराकडे पाहिलं.

"पुढच्या रविवारपर्यंत त्या ढोलवाल्याला इथे आणून उभा कर," हेहिर म्हणाला. "माझ्यासमोर येऊन त्याने बोलावं, मग मी काय करायचं ते ठरवीन. नाही आला तर नॉकबान बंद. तुलाही, तुझ्या पुस्तकालाही. आणि शेजारच्यांना मी सांगणारच आहे."

घरी आल्यावर नंदिनीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गाभण गाय रे. आणि वर जयघोष करत होते." तिने पुढचंही बोलून टाकलं. "तू पान कशाला टाकलंस? त्याला गप्प करायला ना? झाला तो गप्प?"

शनिवारी हरीश डब्लिनला गेला. सँडीफोर्डच्या ट्राम स्टेशनसमोर आशिषचा काचेच्या बाल्कनीचा फ्लॅट. आशिषची बायको पूर्णिमा हिने चहा आणि चिवडा समोर ठेवला. हरीशने हात लावला नाही.

"दादा, बसा तरी," आशिष म्हणाला. "किती चिडलात!"

"उद्या माझ्याबरोबर हेहिरकडे चल. दोन वाक्यं बोल. चूक झाली म्हण. संध्याकाळपर्यंत मोकळा होशील."

"चूक कसली? आम्ही गायीला हात तरी लावला का? डोंगरावर कुणी ढोल वाजवायचा नाही असा इथे कायदा आहे?"

"त्याचा डोंगर आहे."

"बघा, हेच," आशिष पूर्णिमाकडे वळून हसला. "आपण इथे कर भरतो, घरं घेतो, पण मनातून भाडेकरूच. दादा, तुम्ही त्या म्हाताऱ्याच्या फाटकाचे राखणदार झालायत. पगार तरी देतो का तो?"

"आशिष, गाय मेली आहे. पोटात वासरू होतं."

"त्याचं आम्हाला वाईट वाटतंच. पण मी तिथे जाऊन माफी मागितली की उद्या वकिलाची नोटीस माझ्या नावावर. इथली माणसं किती चलाख असतात तुम्हाला माहीत नाही. आणि खरं सांगू? गुरं वर आहेत हे तुमच्या पानावर कुठे आहे? मी पुन्हा वाचलं. एक अक्षर नाही."

"प्रस्तावनेत आहे."

"वा! म्हणजे विषाची बाटली आम्हाला द्यायची आणि 'हे विष आहे' ही चिठ्ठी स्वतःच्या कपाटात ठेवायची." आशिषने चिवड्याची मूठ भरली. "जगाच्या चुका काढता ना तुम्ही? मग घ्या, काढा ही."

पूर्णिमा हळूच म्हणाली, "अरे, जाऊन ये ना. काय बिघडतं?"

"तू मध्ये पडू नकोस!" आशिषचा हसरा चेहरा पहिल्यांदा उतरला. ती आत निघून गेली.

हरीश उठला. दाराशी तो म्हणाला, "ढोल वाजवायला हिंमत लागत नाही, आशिष. त्यानंतर तोंड दाखवायला लागते."

"चोराच्या उलट्या बोंबा," मागून आवाज आला. "वाट कुणी दाखवली, दादा?"

रविवारी हरीश एकटाच फाटकाशी गेला. ताडपत्री आता तिथे नव्हती. खिंडाराच्या जागी हेहिरने सिमेंटने दगड पक्के बसवले होते आणि वर काटेरी तार ओढली होती. बरेनमध्ये भिंतीला सिमेंट लावणं म्हणजे शिवी देण्यासारखं. तिथल्या भिंती शेकडो वर्षं नुसत्या दगडावर दगड ठेवून उभ्या आहेत.

"कुठाय तो?"

"येत नाही म्हणतो."

"नाव?"

परक्या माणसाला आपल्या माणसाचं नाव द्यायचं ही गोष्ट हरीशला सोपी नव्हती. पण सँडीफोर्डची ती मूठभर चिवड्याची ऐट आठवली आणि त्याने नाव सांगितलं, नंबरही दिला. हेहिरने तिथेच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

आशिषचं इंग्रजी फार गोड होतं. "सर, झालं त्याचं आम्हाला अतिशय दुःख आहे. पण आम्ही पाहुणे. वाट, नकाशा, भिंतीतली जागा, सगळं मिस्टर डुंबरे यांचं. ते तज्ज्ञ आहेत, पुस्तक त्यांचं आहे. गायी आहेत असं त्यांनी आम्हाला कुठेही कळवलं नाही."

हेहिरने फोन खाली घेतला. "हे खरं?"

"मी ते लिहिलंय, मायकल. प्रस्तावनेत, पहिल्याच ओळीत."

"ती यांना दिली होतीस?"

"नाही."

हेहिरने फोन बंद केला. आता तो ओरडत नव्हता. "त्या माणसाला मी ओळखत नाही," तो म्हणाला. "त्याच्यावर काय चिडायचं? आला, वाजवून गेला. तुला मात्र मी स्वतः हाताला धरून ती जागा दाखवली."

"मी प्रत्येक पानावर लिहीन. मोठ्या अक्षरांत. गायी, आवाज, सगळं. पाहिजे तर तू वाचून बघ, मगच छापू."

"तुला अजून पुस्तकच दिसतंय का रे?"

हरीशला खरोखर पुस्तकच दिसत होतं, आणि हेहिरने ते पाहिलं. त्याने फाटकाची साखळी ओढून कुलूप लावलं. "शेजारच्या तिघांशी बोललोय," तो आतून म्हणाला. "त्यांच्याही वाटा काढून टाक. आणि गाडी माझ्या बांधावर लावू नकोस." मग तो घराकडे चालू लागला. हरीशने दोनदा हाक मारली. त्याने मागे पाहिलं नाही.

त्या आठवड्यात हरीशने पुस्तकातून नॉकबान काढला. मग शेजाऱ्यांच्या वाटा काढल्या. मग, कुणी सांगितलेलं नसताना, ज्या ज्या वाटेवर कुणाच्या फाटकातून जावं लागे ती प्रत्येक वाट काढली. उरल्या त्या सरकारी जमिनीवरच्या, पाट्या लावलेल्या, ज्या कुठल्याही पर्यटकाला फुकट सापडतात. प्रकाशकाने ते पाहून विचारलं, "हे कोण विकत घेईल?"

"कुणी घेऊ नये," हरीश म्हणाला, आणि करार परत पाठवून दिला.

नंदिनीने समजावून पाहिलं. पुस्तक नाही तर निदान हेहिरकडे पुन्हा जा, माणूस निवळतो, म्हणाली. हरीश एकदा गेलाही. हेहिरने खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला. परतताना तारेपलीकडे डोंगरावर गायी दिसत होत्या, पांढऱ्या कातळावर तपकिरी ठिपके. त्या माथ्यावरची प्रत्येक भेग त्याला पाठ होती, आणि आता त्या पाठांतराचा कुणालाच उपयोग नव्हता, त्यालाही नाही.

संक्रांतीला आशिषने ग्रुपवर, सगळ्यांसमोर, हरीशला उद्देशून निरोप टाकला. तीळगुळाचं चित्र, आणि खाली दोन ओळी: "दादा, झालं गेलं विसरून जाऊ. मार्चमध्ये सेंट पॅट्रिक्स डेला ढोलपथक घेऊन एखादा सोपा डोंगर करायचा विचार आहे. एखादी वाट सुचवा ना, तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

हरीशने ते दोनदा वाचलं. मग टाईप केलं, "विमानतळाच्या गाडीतळावर वाजवा. जागा सपाट आहे, आणि तिथे कुणी गाभण नाही." त्यावर लगेच कुणीतरी हसरा चेहरा टाकला, पाठोपाठ आणखी तिघांनी. त्यांना तो विनोद वाटला होता. हरीशने ग्रुप सोडला आणि फोन खिशात घातला.