टेकडीवरचा मोर आणि आमची सोसायटी

गेल्या रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका मोरावरून मोठं भांडण व्हायचं होतं. मोराची पालक म्हणून मी त्यात असणारच होते...

हे पालकत्व माझ्याकडे कसं आलं ते सांगते. पुण्यात वारज्याला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून टेकडी आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा तिच्यावर गवत, दगड आणि उन्हाळ्यात लागणारा वणवा, एवढंच होतं. मग आमच्यासारख्या काही रिकामटेकड्यांनी रविवारी तिथे खड्डे खणायला सुरुवात केली. कडुलिंब, करंज, बहावा, कांचन... कितीतरी उन्हाळे खालून पाण्याचे कॅन वर नेले.

झाडं जगली. आता वर गेलं तर सावलीतून चालता येतं. पण मी गप्प बसले नाही ना! लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, सोसायटीच्या ग्रुपवर, जिथे मिळेल तिथे "हे जंगल आम्ही लावलंय" म्हणून सांगत सुटले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेव्हापासून टेकडीवरून जे काही खाली येईल ते माझ्या नावावर. पार्किंगमध्ये धामण निघाली, इंटरकॉम मला. कुणाच्या गॅलरीत मुंगूस डोकावलं, फोन मला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर वाळलेली पानं गच्चीत येतात म्हणून "तुमच्या झाडांना जरा सांगा" असा मेसेज टाकला. वर हसरा चेहरा. मला काही हसू आलं नाही.

आणि मग मोर आले. त्यातला एक पहाटे अख्खी सोसायटी झोपेत असताना असा काही केकाटतो की माणूस ताडकन उठून बसतो. चित्रातला मोर बरा, तो गप्प तरी असतो. माझ्या गच्चीतली मिरचीची रोपं त्यानेच फस्त केली. त्याची तक्रार मी कुणाकडे करायची, ते मात्र कुणी सांगत नाही.

तळमजल्यावर पानसे काका राहतात. रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेने काळी गाडी घेतली आणि रोज पुसून पुसून तिचा आरसा केला. मोराला त्यात दुसरा मोर दिसला. मग काय... सकाळभर त्याच्याशी मारामारी. गाडीच्या दारावर चोचीच्या खुणा आणि ओरखडे.

काकांनी बेल वाजवली. "ताई, तुमचा मोर आलाय खाली. घेऊन जा." मी म्हटलं, अहो काका, राष्ट्रीय पक्षी आहे तो. ते म्हणाले, "मग राष्ट्राच्या गाडीला टोचा मार म्हणावं."



सोसायटीच्या मीटिंगमध्ये काकांनी उपाय मांडला. रोज सकाळी टेकडीच्या बाजूला सुतळी बॉम्ब लावायचे, मोर आपोआप निघून जातील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उभी राहिले, हे कायद्यात बसत नाही म्हणाले, पाखरं घाबरून घरटी सोडतील म्हणाले. कुणीतरी मागून म्हणालं, "मॅडम, तुम्ही झाडं लावलीत, झोप आमची जाते." इतका संताप झाला... आणि खरं सांगते, रडूही आलं. एवढी वर्षं राबून जे उभं केलं, ते ही माणसं चार बॉम्बांत ओसाड करणार होती.

बॉम्ब रविवारपासून लावायचे ठरले. मी रात्रभर मनातल्या मनात भांडत होते. सकाळी चहासुद्धा न घेता खाली गेले. काका मागच्या छोट्या गेटपाशी उभे होते, एका हातात बॉम्बचं पाकीट, दुसऱ्या हातात पेटलेली उदबत्ती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या गेटमधून लांडोर आत आली. तिच्या मागे पिल्लं. चार इवलीशी, मातकट रंगाची, पार्किंगच्या फरशीवर पाय घसरत चाललेली.

त्याच वेळी एक गाडी बाहेर निघत होती. गाडीवाल्याने हॉर्न दिला. लांडोर जागेवरच थबकली, पिल्लं तिच्या पोटाखाली शिरली. त्याने परत हॉर्न दिला.

काका तरातरा गेले आणि गाडीसमोर आडवा हात करून उभे राहिले. उदबत्ती तशीच हातात. "डोळे आहेत ना? बाई लेकरं घेऊन चाललीय. इंजिन बंद करा आधी." गाडीवाल्याने मुकाट्याने इंजिन बंद केलं. लांडोर सावकाश, अगदी पुणेरी सावकाशीने, पलीकडच्या झुडपात गेली. शेवटचं पिल्लू दिसेनासं होईपर्यंत काकांनी हात खाली घेतला नाही.

मग त्यांनी उदबत्ती भिंतीवर विझवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जुनी चादर आहे का एखादी? गाडीवर टाकतो." मी धावत वर गेले आणि कपाटातली चांगली डबल बेडची चादर आणून दिली.

मोर अजून पहाटे केकाटतोच. झोपेचं खोबरं होतंच. पण आता ग्रुपवर कुणी कुरकुर केली की मी काही लिहायच्या आत पानसे काकांचं उत्तर येतं, "पिल्लं लहान आहेत. सहन करा."

पाण्याचे कॅन वर चढवताना, खालून आणखी एखादं माणूस मदतीला येईल म्हणून मी कितीदा मागे वळून बघितलं असेल... आलं शेवटी. सुतळी बॉम्ब घेऊन का होईना, पण आलं.