मेहरूणचा तळ

आठवीच्या वर्गात गोड्या आणि खाऱ्या पाण्याची सरोवरं शिकवत होते. लोणार, सांभर, वुलर फळ्यावर लिहून झाले, तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, आपला मेहरूण तलाव किती खोल आहे?"

मला सांगता येईना. मी धुळ्याची; लग्न होऊन जळगावात आले त्याला दोनच वर्षं झाली होती. तिथल्या पांझरा नदीत उन्हाळ्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त, त्यामुळे खोलीचा प्रश्न कधी पडलाच नव्हता. शिक्षकांच्या खोलीत विचारलं, तर एक सर म्हणाले चार पुरुष. दुसऱ्या बाई म्हणाल्या, "छे, त्याला तळच नाही." पुस्तकात मेहरूणचं नावही नव्हतं.

रविवारी सकाळी त्या मुलीला घेऊन मी तलावावर गेले. हात-हात अंतरावर गाठी मारलेला दोर बरोबर होता आणि त्याला तुटका वरवंटा बांधलेला. मासे धरणारे एक म्हातारे आबा होडी काढत होते. त्यांना काय करायचंय ते सांगितलं.

"तळ लागाव नई, बाई," ते हसून म्हणाले, पण होडीत बसवलं.

मधोमध गेल्यावर मुलीने दोर सोडला. ती गाठी मोजत होती. अकराव्या गाठीला दोर सैल पडला.

"लागला!" ती ओरडली.

आबांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं या पाण्यावर काढली आणि ते एवढंच? मला उगाच अपराधी वाटलं. वरवंटा वर ओढला, तर त्याला काळा, गुळगुळीत चिखल चिकटलेला. आबांनी तो बोटावर घेऊन वास घेतला.

"हाऊ तळ नई. हाऊ गाळ शे."

ते होडी काठाजवळच्या उथळ पाण्यात घेऊन आले आणि लांब बांबू खाली रोवला. गाळ लागला तरी बांबू जातच राहिला, जवळजवळ पुरुषभर. टेकड्यांवरून ओढ्याबरोबर येणारी माती वर्षानुवर्षं इथे बसत होती.

"मग खोली कुठपर्यंत धरायची?" मुलीने विचारलं.

सोमवारी मी फळ्यावर दोन रकाने आखले, पाणी आणि गाळ. दुसऱ्यात काय लिहायचं ते कळेना, मधोमधचा गाळ मोजलाच नव्हता; म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. आबा दोन बांबू एकाला एक बांधून आमची वाट बघत होते.