रहाडीच्या काठावर

रंगपंचमी. हजर: मी, धाकटी जाऊ आणि चपला सांभाळणारी नणंद. उकळलेल्या फुलांचा उग्र वास आला की जुन्या नाशकातली ती रहाड आठवते, जमिनीतला रंगाने भरलेला खोल हौद. जावेने उडी घेतली. गडद रंगात ती दिसेना आणि मागचा माणूस लगेच उडी मारायला निघाला, तशी मी हात पसरून आडवी उभी राहिले. "ओ काकू, सरका! घरी जाऊन पुरण वाटा!" "वाटीन की. आधी ती वर येऊ दे, नाहीतर मला ढकलून जा!" गर्दी ओरडली, मी हलले नाही. जाऊ खोकत वर आली, तेव्हाच हात खाली घेतला. मग संध्याकाळपर्यंत माझा हात खाली आल्याशिवाय कुणाची उडी पडली नाही. आता दरवर्षी मी काठ सांभाळते. माझी स्वतःची उडी मात्र अजून राहिलीच आहे.